जिंकलेली स्पर्धा, बुडालेली स्पर्धा: चॅम्पियन्स हॉकी लीगचा २००८–०९चा मोसम

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी बुडाली. त्यानंतर महिना उलटायच्या आत, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, युरोपातल्या बारा आइस हॉकी क्लबांची एक नवी स्पर्धा सुरू झाली. नाव होतं चॅम्पियन्स हॉकी लीग. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगने जे केलं ते बर्फावर करून दाखवायचं, असा बेत होता. जानेवारी २००९ अखेर विजेता ठरला, करंडक उंचावला गेला, आणि दुसरा मोसम झालाच नाही.

ही गोष्ट सहसा एका वाक्यात संपवली जाते: मंदी आली, पैसा आटला, लीग बंद पडली. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. त्याच मंदीतून युरोपातल्या राष्ट्रीय लीग तरल्या, दावोसच्या बर्फावरची जुनी निमंत्रितांची स्पर्धा तरली आणि क्लबही तरले. बुडाली ती हीच. म्हणून हा एक मोसम सुटा काढून पाहायला हवा. मला त्यात खेळाचं अपयश कुठेच दिसत नाही. दिसते ती मालकीची गफलत. ज्यांच्या जिवावर स्पर्धा उभी होती त्या क्लबांचा तिच्यात वाटा नव्हता, आणि वाटा नसलेल्याला ती वाचवण्याची गरजही भासली नाही.

आधी काय होतं

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची स्थापना १५ मे १९०८ रोजी पॅरिसमध्ये झाली. २००८ हे शताब्दीचं वर्ष. त्या वर्षीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच कॅनडात भरली आणि रशियाने अंतिम सामन्यात जादा वेळेत कॅनडालाच हरवलं. महासंघाचे अध्यक्ष होते रेने फाझेल. हे फ्रिबुर्गचे स्विस गृहस्थ पेशाने दंतवैद्य, आणि १९९४पासून अध्यक्षपदी होते. क्लबांसाठी एक मोठी, संपूर्ण युरोपची स्पर्धा शताब्दीच्या मुहूर्तावर सुरू करायची, हे त्यांचं स्वप्न होतं.

स्वप्न नवं नव्हतं. १९६५पासून तीन दशकं ‘युरोपियन कप’ चालला. त्यात मॉस्कोच्या सीएसकेए, म्हणजे सैन्यदलाच्या संघाने वीस वेळा बाजी मारली, त्यातली तेरा विजेतेपदं लागोपाठची. निकाल आधीच ठाऊक असलेली स्पर्धा बघायला कोण येणार? नव्वदच्या दशकात ‘युरोपियन हॉकी लीग’ आली, २०००मध्ये गेली. मग २००५ ते २००८ अशी चार वर्षं जानेवारीत सेंट पीटर्सबर्गमध्ये सहा संघांची छोटी स्पर्धा भरत असे. तिथे अनुक्रमे ओम्स्क, मॉस्को, कझान आणि मॅग्निटोगोर्स्क जिंकले. चारही वेळा रशियन क्लब, रशियन शहरात, रशियन प्रेक्षकांसमोर.

ही पार्श्वभूमी सांगायचं कारण एवढंच, की २००८च्या आराखड्याला दोन प्रश्न सोडवायचे होते. स्पर्धा एका शहरातून बाहेर काढून प्रत्येक क्लबच्या घरच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, न्यायची होती, आणि रशियाबाहेरच्या कुणाला तरी जिंकण्याची खरी संधी द्यायची होती. एका मोसमात हे दोन्ही साधलं, हे विसरता कामा नये.

आराखडा

युरोपातल्या सात बलाढ्य हॉकी देशांची क्रमवारी लावली गेली: रशिया, स्वीडन, चेक प्रजासत्ताक, फिनलंड, स्वित्झर्लंड, स्लोव्हाकिया, जर्मनी. अकरा जागा थेट भरल्या. बारावीसाठी न्यूरेम्बर्गला तिघांची पात्रता फेरी झाली. तिथे यजमान न्यूरेम्बर्ग आणि स्लोव्हाकियाच्या कोशित्सेला मागे टाकून स्वित्झर्लंडचा बर्न आत आला.

गट चार, प्रत्येकात तीन संघ. रशियाच्या उफाच्या गटात स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाचा स्लोव्हान आणि चेक प्रजासत्ताकाचा चेस्के बुद्येयोवित्से. मॅग्निटोगोर्स्कच्या गटात फिनलंडमधल्या औलूचा कारपात आणि बर्लिनचा आइसबेरेन. तिसऱ्यात स्वीडनचा एचव्ही ७१, फिनलंडचा एस्पो ब्लूज आणि बर्न. चौथ्यात स्वीडनचा लिन्शोपिंग, प्रागचा स्लाविया आणि झुरिचचा झेडएससी लायन्स. बारापैकी सात संघ २००८चे आपापल्या देशांचे विजेते होते, म्हणजे यादीत भरतीचं नाव नव्हतं.

प्रत्येक संघाने गटातल्या दोघांशी घरी आणि बाहेर मिळून चार सामने खेळायचे. पुढे फक्त गटविजेता जाणार. उपांत्य आणि अंतिम फेरीही दोन-दोन सामन्यांची. सगळे मिळून तीस सामने, आणि विजेत्याच्या वाट्याला आठ. ही रचना मला आजही आवडते. स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये तेव्हा साखळीतच पन्नास सामने होते, रशियाच्या केएचएल या नव्या लीगमध्ये छप्पन्न. त्या गर्दीत एखादा सामना हरला तरी कुणाची झोप उडत नाही. इथे मात्र चारातले दोन हरलात तर बहुतेक घरीच. त्यामुळे ऑक्टोबरातल्या बुधवारी रात्रीच्या सामन्यालाही बाद फेरीची धार यायची.

एक उणीव मात्र पहिल्या दिवसापासून होती. तिघांच्या गटात दोघे खेळत असले की तिसरा रिकामा बसतो. म्हणजे सहा फेऱ्यांपैकी दोन फेऱ्यांत प्रत्येक क्लबला सामना नाही. चार सामने, तेही दोन महिन्यांत विखुरलेले, त्यातले घरचे फक्त दोन. घरच्या चाहत्याला स्पर्धेची सवय लागावी एवढी ती त्याच्या दारी आलीच नाही.

झुरिच

झेडएससी लायन्सकडे कुणी संभाव्य विजेता म्हणून पाहत नव्हतं. क्लबची मुळं १९३०ची. १९९७मध्ये ग्रासहॉपर या क्लबचा हॉकी विभाग त्यात विलीन झाला आणि ‘लायन्स’ नाव लागलं. २००८चं स्विस विजेतेपद त्यांनी जिंकलं होतं, पण जिंकून देणारे प्रशिक्षक हॅरल्ड क्राइस उन्हाळ्यात जर्मनीला गेले आणि सूत्रं आली शॉन सिम्पसन यांच्याकडे. कर्णधार बचावपटू माथियास झेगर, क्लबशी वर्षानुवर्षं बांधलेला. गोलमध्ये फिनलंडचा आरी सुलांदेर, तोही झुरिचला कधीचा रुळलेला. भोवती काही कॅनेडियन वंशाचे अनुभवी खेळाडू. खर्चाच्या बाबतीत रशियन क्लबांशी त्यांची बरोबरीच नव्हती.

गटातून ते पहिले आले. स्वीडनच्या उपविजेत्यांना आणि चेक विजेत्यांना मागे ठेवून आले, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्या काळी स्विस क्लब म्हणजे चांगला पगार, सुंदर गाव आणि दुय्यम हॉकी, असाच समज होता. उपांत्य फेरीत त्यांनी एस्पोला हरवलं. दुसरीकडे दोन रशियन क्लब एकमेकांसमोर आले आणि मॅग्निटोगोर्स्कने उफाला बाहेर काढलं. स्वीडनचा एकही संघ शेवटच्या चारांत नव्हता.

मेटालुर्ग मॅग्निटोगोर्स्क हा उरल पर्वताच्या दक्षिण टोकाजवळच्या पोलाद शहराचा क्लब. शहर पोलाद कारखान्याभोवती वाढलेलं, उरल नदीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे युरोप आणि आशिया दोन्हीकडे. क्लबचं नावच ‘धातुकामगार’. जानेवारी २००८मध्ये हेच सेंट पीटर्सबर्गला युरोपचे विजेते झाले होते. त्यांच्याकडे यान मारेक हा चेक आघाडीपटू होता, त्या मोसमात केएचएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा. सप्टेंबर २०११मध्ये यारोस्लाव्हलच्या संघाचं विमान कोसळलं, त्यात मारेक गेला. त्या मोसमातले सामने आठवताना त्याच्या नावाशी थबकायला होतं.

अंतिम फेरीचा पहिला सामना २१ जानेवारी २००९ रोजी मॅग्निटोगोर्स्कला झाला. झुरिचहून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, घड्याळात चार तासांचा फरक, आणि मागेपुढे स्विस लीगचे सामने. निकाल २–२. आइस हॉकीत बरोबरी सहसा टिकत नाही. जादा वेळ, मग पेनल्टी, आणि कुणीतरी जिंकतोच. पण दोन सामन्यांच्या लढतीत पहिल्याची बरोबरी तशीच राहते, आणि परक्या रिंकवर मिळालेली बरोबरी म्हणजे परतीच्या साठ मिनिटांसाठी कोरी पाटी. सिम्पसन यांच्या संघाला याहून जास्त काही नको होतं.

परतीचा सामना, शेजाऱ्याच्या घरी

आता या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब. परतीचा सामना २८ जानेवारीला. युरोपच्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेचा निर्णायक सामना, यजमान झुरिच. शहरात हालेनश्टाडियोन आहे, १९३९चं भव्य बंदिस्त सभागृह, हॉकीला अकरा हजारांवर प्रेक्षक मावतील एवढं. आणि सामना झाला तो झुरिच सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, रापर्सविल गावात, शेजारच्या क्लबच्या सहा हजारांच्या आसपास क्षमतेच्या रिंकवर. हालेनश्टाडियोन त्या तारखेला मोकळं नव्हतं.

झेडएससी त्या सभागृहात भाडेकरू होता. सभागृह मैफली, प्रदर्शनं आणि बर्फावरचे मनोरंजनाचे कार्यक्रम यांना दिलं जाई, आणि हॉकी ही त्यांतली एक भाडेकरी होती. राष्ट्रीय लीगच्या तारखा ठरलेल्या असतात, त्या आधीच धरून ठेवता येतात. युरोपच्या अंतिम फेरीत आपण पोहोचू, असं गृहीत धरून जानेवारीतला बुधवार कुणी राखून ठेवला नव्हता. आणि स्पर्धेकडेही एवढं वजन नव्हतं की तिच्यासाठी कुणी आपली ठरलेली तारीख हलवावी.

यात क्लबला दोष देता येणार नाही. पण स्पर्धेच्या चालकांनी या घटनेकडे नीट पाहायला हवं होतं. नव्या स्पर्धेचा पहिलावहिला निर्णायक सामना, जो बघून पुढच्या वर्षीचे प्रायोजक, दूरचित्रवाणीवाले आणि तिकीट घेणारे चाहते ठरणार, तो अर्ध्या क्षमतेच्या उसन्या रिंकवर. पडद्यावरच्या चित्राचं मोल त्यांच्याइतकं कुणाला कळायला हवं होतं?

सामना मात्र देखणा झाला. झुरिचने मॅग्निटोगोर्स्कला ५–० असं धुतलं, एकूण ७–२. पाच गोल मारणं एक वेळ समजू शकतं. मारेकसारखा नेमबाज समोर असताना एकही गोल न देणं अवघड. आंतरराष्ट्रीय मापाचं रिंक साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद. उत्तर अमेरिकेतल्यापेक्षा रुंदी चार मीटरने जास्त, आणि त्या मोकळ्या जागेत रशियन आघाडीपटू फुलतात. त्यांना मधल्या पट्ट्यात वेग घेऊच द्यायचा नाही, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कडेला ढकलायचा, तिथे दोघांनी दाबायचं, आणि हे चाळीस-पन्नास सेकंदांच्या पाळ्यांत साठ मिनिटं न चुकता करत राहायचं. विजेत्या संघाच्या शिस्तीची कल्पना धावफलकावरच्या शून्यावरून येते, पाचावरून नाही.

सिल्व्हर स्टोन नावाचा करंडक झुरिचला गेला. महासंघाचं मुख्यालयही झुरिचलाच. रशियन क्लबांची सद्दी मोडली, तीही स्विस क्लबने, आणि स्पर्धेला याहून चांगली सुरुवात मागून मिळाली नसती. त्याच मोसमात स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय विजेतेपद मात्र दावोसने नेलं.

पैसा कुठून येत होता

स्पर्धा महासंघाची, व्यापारी बाजू बाहेरच्या भागीदाराकडे, आणि बक्षिसांचा एकूण आकडा एक कोटी युरोच्या घरातला. क्लबांनी यायचं, खेळायचं, ठरलेले पैसे घ्यायचे. आइस हॉकीत युरोपमध्ये तोवर कुणी एवढी रक्कम देऊ केली नव्हती, त्यामुळे क्लब आनंदाने आले. पण ही रक्कम स्पर्धेने कमावलेली नव्हती. ती आधीच कुणीतरी देऊ केलेली होती, पुढे कमाई होईल या भरवशावर.

युरोपातल्या हॉकी क्लबचं पोट कशावर चालतं हे पाहिलं की यातला धोका कळतो. घरच्या सामन्यांची तिकिटं, मोसमी पास, रिंकवरचं खाणंपिणं, आणि गावातल्या बँका-बिअरवाल्यांच्या बर्फावर रंगवलेल्या जाहिराती. दूरचित्रवाणीचा वाटा फुटबॉलच्या मानाने किरकोळ. म्हणजे या खेळात पैसा घरच्या तिकीट खिडकीवर जन्मतो. आणि नव्या स्पर्धेत घरचे सामने होते गटात दोन. खर्च मोठा, खिडकी छोटी, आणि मधलं अंतर भरून काढणार प्रायोजक.

जुलै २००८मध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं होतं. डिसेंबरात ते चाळीसच्या खाली आलं. रशियापासून जर्मनीपर्यंत साऱ्यांनीच हात आखडते घेतले. लीगचं मुख्य आर्थिक पाठबळ सुटलं आणि २००९–१०चा मोसम रद्द झाला. पुन्हा सुरू करण्याची बोलणी झाली, पण ती फळाला आली नाहीत.

इथे कुणीही क्लब रस्त्यावर उतरला नाही, की ‘आम्ही कमी पैशांत खेळतो, पण स्पर्धा चालू ठेवा’ असं म्हणाला नाही. का म्हणावं? लीग त्यांची नव्हती. तिच्या बंद होण्याने त्यांचं एक निमंत्रण हुकलं, घर बुडालं नाही.

दावोसचा स्पेंगलर कप याच्या उलट. १९२३पासून नाताळ ते वर्षअखेर, त्याच डोंगराळ गावात, त्याच क्लबच्या घरी. त्याला जगज्जेतेपदाचा आव नाही. पण तारीख पक्की, यजमान पक्का, सुट्टीतले प्रेक्षक पक्के. मंदीच्या वर्षीही तो भरला.

मराठी वाचकाला याच वर्षीचं दुसरं उदाहरण जवळचं वाटेल. ट्वेंटी-ट्वेंटी क्रिकेटची चॅम्पियन्स लीगही डिसेंबर २००८मध्ये सुरू व्हायची होती. मुंबईवरच्या हल्ल्यामुळे ती पुढे गेली आणि २००९मध्ये सुरू झाली. प्रक्षेपण हक्क दहा वर्षांसाठी विकले गेले होते, स्पर्धा चालली सहा मोसम. मुंबई इंडियन्सने दोनदा जिंकूनही २०१५मध्ये ती गुंडाळताना कुणी फारसं हळहळलं नाही. तीही क्रिकेट मंडळांनी काढली होती, संघांनी नव्हे.

उरलेला एक सामना

लीग बंद पडली, तरी विजेत्याला कबूल केलेला एक सामना बाकी होता. युरोपचा विजेता आणि उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या लीगचा एक संघ यांच्यातला व्हिक्टोरिया कप. मॉन्ट्रियलच्या ज्या व्हिक्टोरिया रिंकवर ३ मार्च १८७५ रोजी बंदिस्त जागेतला पहिला संघटित सामना झाला, तिचं नाव या करंडकाला. पहिल्या वर्षी, १ ऑक्टोबर २००८ला बर्नमध्ये, मॅग्निटोगोर्स्कने न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध ३–० अशी आघाडी घेतली होती आणि शेवटच्या वीस सेकंदांत ४–३ असा सामना गमावला होता.

२९ सप्टेंबर २००९ला झुरिचची पाळी आली. या वेळी हालेनश्टाडियोन मिळालं. समोर शिकागो ब्लॅकहॉक्स. झुरिच २–१ जिंकलं. एनएचएलचा मोसम सुरू व्हायचा होता, शिकागोचे पाय अजून मोकळे झाले नव्हते, हे सगळं मान्य. पण त्याच शिकागोने पुढच्या जूनमध्ये एनएचएलचा स्टॅनली कप जिंकला. व्हिक्टोरिया कपही त्यानंतर भरला नाही. झुरिचच्या कपाटात दोन करंडक, आणि दोन्ही स्पर्धा संपलेल्या.

क्लबांनी स्वतः काय केलं

२०१०पासून काही क्लबांनी मिळून ‘युरोपियन ट्रॉफी’ चालवली. मुख्यतः उन्हाळ्याच्या शेवटी, मोसमाआधीच्या सरावाचे सामने गुंफून. गाजावाजा कमी, खर्च कमी. चार वर्षं ती चालली, आणि त्यातून क्लबांना एकमेकांबरोबर स्पर्धा चालवायची सवय लागली. मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

२०१४मध्ये चॅम्पियन्स हॉकी लीग त्याच नावाने परत आली, पण कागद वेगळे होते. सव्वीस संस्थापक क्लबांकडे ६३ टक्के भाग, सहा राष्ट्रीय लीगकडे २५ टक्के, आणि महासंघाकडे १२. झेडएससी त्या सव्विसांत होता. पहिल्याच मोसमात चव्वेचाळीस संघ घेतले. गटांतल्या काही लढती एकतर्फी झाल्या. पण ३ फेब्रुवारी २०१५ला स्वीडनच्या आर्क्टिक वृत्ताजवळच्या लुलेओ गावात, यजमानांनी ०–२ पिछाडीवरून गोथेनबर्गच्या फ्रोलुंडाला ४–२ हरवलं, आणि स्पर्धा रुजेल असं पहिल्यांदा वाटलं. पुढे २०२०पर्यंत फ्रोलुंडाने चारदा ती जिंकली. २०२०–२१चा मोसम कोविडने खाल्ला, तरी लीग पुन्हा उभी राहिली. २००९ची एका वर्षाची खोट जीवघेणी ठरली होती, ही ठरली नाही, कारण या वेळी खोट भागधारकांची होती आणि लीग मोडून त्यांचा काही फायदा नव्हता.

आता चोवीस संघ आहेत, गट नाहीत, सगळे एका तक्त्यात, प्रत्येकाला सहा वेगवेगळे प्रतिस्पर्धी. यात रिकाम्या फेरीचा प्रश्न उरत नाही. झुरिचने २०२२मध्ये आल्टश्टेटन भागात बारा हजारांचं स्वतःचं रिंक बांधलं, हालेनश्टाडियोनमधलं भाड्याचं बिऱ्हाड संपलं. तिथेच १८ फेब्रुवारी २०२५ला त्यांनी स्वीडनच्या फेर्येस्तादला २–१ हरवून पुन्हा युरोपचं विजेतेपद घेतलं.

२००८–०९मध्ये जे होतं त्यातलं एक मात्र नव्या लीगला मिळालेलं नाही. रशियाच्या केएचएलमधला एकही क्लब तिच्यात खेळलेला नाही. ब्रातिस्लाव्हाचा स्लोव्हान तर २०१२मध्ये स्वतःच केएचएलमध्ये गेला आणि २०१९मध्ये परतला. २०२४च्या वसंतात झुरिचने स्विस विजेतेपद जिंकलं आणि मॅग्निटोगोर्स्कने केएचएलचा गागारिन कप. दोघेही एकाच वर्षी आपापल्या लीगचे राजे, आणि त्यांना समोरासमोर आणेल अशी एकही स्पर्धा युरोपात नाही.